सावकाश, तम्मा

आमच्या आज्जीनं हिंडलग्याच्या जेलचं दार दोनदा पाहिलं.

पहिल्यांदा आजोबांसाठी. सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात आजोबांना पकडून नेलं तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली पोर होती. आजोबा सुटून आले त्या दिवशी गावानं वेशीपासून घरापर्यंत हलगी वाजवली, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला, आणि पुढची कितीतरी वर्षं ‘हिंडलग्याला जाऊन आलेला माणूस’ म्हणून त्यांना लग्नकार्यात पहिल्या पंगतीला बसवलं. दुसऱ्यांदा ती गेली धाकट्या लेकासाठी, माझ्या मामासाठी. 2002 चा उन्हाळा होता. पहाटेच्या पहिल्या बसनं गेली, पदर नाकापर्यंत ओढून, म्हणजे वाटेत कुणी ‘कुठं निघालीस गं?’ विचारू नये.

दार तेच होतं. ती मला एकदा म्हणाली, “त्या वक्ताला मी मान वर करून गेलते रे बाळा. आता त्या दारानं मला ओळखलं तर काय सांगू?”

बेळगावच्या मराठी माणसाला हिंडलगा हे नाव साधं राहिलेलंच नाही. वेंगुर्ला रस्त्यानं शहराबाहेर पडलं की गणपतीचं देऊळ लागतं, तिथं मंगळवारी आम्ही नारळ फोडतो. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक तिथंच आहे, आणि दर 1 जूनला आम्ही तिथं फुलं वाहतो. आणि तिथंच ते मध्यवर्ती कारागृह. ब्रिटिशांच्या काळात बांधलेलं. 1950 साली सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवलं ते इथंच, हे आम्हाला शाळेपासून माहीत. फाशीचा खांबही इथंच. पण जेलच्या भिंतीआड रोज काय चालतं, हे ज्याच्या घरचं कुणी आत आहे त्यालाच कळतं, आणि तो ते बाहेर बोलत नाही. आमच्या घरातही वीस वर्षं कुणी बोललं नाही. मी आज लिहितोय ते मामाला विचारून. तो म्हणाला, “लिही. पण मला मोठं करू नकोस. एकदा केलं होतं गावानं.”

मामा पैलवान होता. आमच्या भागात हा शब्द कसा उच्चारतात ते ऐकलेल्यालाच कळेल. पहिले हिंदकेसरी, 1959 चे, श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. तालीम त्यांनी कोल्हापुरात केली आणि नाव तिथून झालं, पण एकसंबा आमचं, ही गोष्ट तालमीतलं शेंबडं पोरही छाती पुढे काढून सांगतं. राज्याची सीमा 1956 ला कागदावर पडली, कुस्तीला ती कधी कळलीच नाही. इकडचा पैलवान चंदगड, गडहिंग्लजच्या जत्रेत लढतो, कोल्हापूरचा येळ्ळूरच्या मैदानात उतरतो, आणि बक्षीस मराठीत पुकारलं काय, कन्नडमध्ये पुकारलं काय, हलगीचा ठेका एकच.

मामा केसरीबिसरी झाला नाही. पण खानापूरपासून निपाणीपर्यंत यात्रेची कमिटी बसली की पहिल्या तीन जोडींत त्याचं नाव असायचं. आनंदवाडीच्या आखाड्यात तो लढला त्या दिवशी मी आजोबांच्या खांद्यावर होतो. ढाक हा त्याचा हुकमी डाव. समोरच्याची मान बगलेत आली की मैदानावरची माणसं आधीच उठून उभी राहायची, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक असायचं. मग तो मातीनं माखलेला, पाठीवर लोकांच्या हातांचे ठसे उमटलेला, आमच्याकडे यायचा आणि बक्षिसाच्या नोटा माझ्या शर्टाच्या आत टाकायचा. त्या नोटांना घामाचा आणि हळदीचा वास यायचा. लाल मातीत हळद, लिंबू, तेल, ताक घालून ती मळतात, त्यामुळं पैलवानाच्या अंगाला जो वास असतो तो दुसऱ्या कुणाला नसतो. माझ्या बालपणाचा वास विचाराल तर तो आहे.

त्याचा खुराक गाव घालायचं. दोन लिटर दूध सकाळी, तेवढंच संध्याकाळी, बदामाची थंडाई, तूप. घरच्या दोन म्हशींत ते निभणारं नव्हतं. कुणी दूध लावून दिलं होतं, कुणी वर्षाला बदामाचं पोतं द्यायचं. हे सगळं प्रेमानंच होतं, मला त्यात शंका नाही. पण ज्याच्या दुधावर अंग वाढतं त्याला त्या अंगावर हक्क वाटायला लागतो. निवडणुकीत पुढाऱ्याच्या जीपमध्ये मागं बसायला मामा, जागेच्या भांडणात मध्ये उभा राहायला मामा. त्यानं काही करायचं नसायचं. नुसतं उभं राहायचं. त्याचे ते मोडलेले कान आणि मान बघून समोरचा आवाज खाली करायचा. मामाला वाटायचं हाही कुस्तीचाच मान आहे. वस्ताद एकदा त्याला म्हणाले होते, “उभा राहायला बोलावतात त्यांच्याकडं जाऊ नकोस. बैलाला पण असंच उभा करतात.” त्यानं ऐकलं नाही.

त्या दिवशीही त्याला नुसतं उभं राहायला नेलं होतं. बांधाचं भांडण. आमचा त्या जमिनीशी काही संबंध नव्हता. शब्दाला शब्द वाढला, कुणीतरी कुणाच्या अंगावर धावलं, आणि समोरून आलेल्या एका माणसाची मान मामाच्या हातात आली. बाकी सगळं हातांनी केलं. बारा-पंधरा वर्षं रोज हजारदा केलेलं हातांनी पुन्हा केलं.

“कुस्तीत खाली माती असते,” मामा मला म्हणाला, कितीतरी वर्षांनी. “वीतभर खोल उकरलेली. तिथं दगड होता.”

तो माणूस दोन दिवसांनी दवाखान्यातच वारला. घरी बायको आणि सहा वर्षांचा मुलगा.

माझ्या मनावर एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, सुट्टीला आजोळी आलेलो. भांडण झालं त्याच संध्याकाळी मी देवळाच्या पारावर पोरांना सांगत होतो, माझ्या मामानं एका डावात कसं लोळवलं ते. मी डाव करूनही दाखवला. तो माणूस तेव्हा दवाखान्यात श्वास मोजत होता. गावानं मामाला जे शिकवलं होतं ते मीही अकराव्या वर्षी शिकलो होतो, एवढंच त्याचं कारण. पण ती संध्याकाळ माझ्यासोबत आहे.

2004 मध्ये बेळगावच्या सत्र न्यायालयात 302 कलमाखाली जन्मठेप झाली. कच्च्या कैद्याचा पक्का कैदी झाला. स्वतःचे कपडे जाऊन पांढरे कपडे आले, नंबर आला.

पहिल्या वर्षाचं मामा फारसं सांगत नाही. जे सांगितलं त्यात सगळ्यात जास्त अंगाबद्दल होतं. मेहनत सुटली की पैलवानाचं अंग कसं सुटतं हे त्यानं दुसऱ्यांचं पाहिलं होतं, आता स्वतःचं पाहिलं. आधी भूक. तुरुंगातलं जेवण साध्या माणसाला पुरतं, त्याच्या पोटात ते कोपऱ्यात जाऊन बसायचं. रात्री दुधाच्या वेळेला पोट आपोआप जागं व्हायचं. दीडेक वर्षात पंचवीस किलो उतरला. मुलाखतीला जाळीपलीकडे आला तेव्हा आज्जी मला हळूच विचारती झाली, “ह्यो आपलाच हाय न्हवं?”

मग त्यानं बराकीत रात्री जोर मारायला सुरुवात केली. दोन अंथरुणांच्या मध्ये दोन हातांची जागा, तिथं. तालमीत पैलवान जोर मारतो तेव्हा श्वास नाकातून फेकतो, त्याचा एक आवाज असतो, फूस, फूस, फूस. तालमीत पन्नास जण एकदम मारतात तेव्हा तो आवाज ऐकून अंगात वारं भरतं. चौथ्या-पाचव्या रात्री शेजारच्या अंथरुणावरचा एक पोरगा उठून बसला आणि हात जोडून म्हणाला, “अण्णा, तेवढं बंद कर. त्या रात्री माझ्या अंगावर आलेली माणसं असाच श्वास घेत होती.”

मामानं जोर बंद केले. मला विचाराल तर तुरुंगात त्याच्यात बदल झाला तो त्या रात्री. कुणी शिकवून किंवा प्रवचन ऐकून झाला नाही. आपल्या जोराचा आवाज दुसऱ्याला कसा ऐकू येतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्याच्या शब्दांत सांगायचं तर, “मैदानात टाळ्याच ऐकल्या होत्या. खालच्याला काय ऐकू येतं ते कुणाला ठावं?”

त्याला कामाला स्वयंपाकघरात घातलं. शेकडो माणसांच्या चपात्यांचं पीठ मळायचं. त्या मळणीत त्याला तालमीतली माती आठवायची, हे तो हसून सांगतो. तालमीत नवा पोरगा आला की पहिले सहा महिने त्याला कुस्ती मिळत नाही. फावड्यानं माती उकरायची, हौद सारखा करायचा, थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं. मामा लहानपणीच एवढा दांडगा होता की वस्तादांनी त्याला ते सहा महिने लवकर माफ केले. “तिथंच चुकलं बघ,” वस्ताद स्वतःच मला म्हणाले होते. “त्याची उकरणी राहिली.”

ती उकरणी जेलमध्ये झाली.

त्याच्या बराकीत गोकाककडचा एक म्हातारा कैदी होता. कन्नडशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. गुडघे गेलेले. पहाटे गिनतीला सगळ्यांना रांगेत बसावं लागतं, आणि बसलेल्या म्हाताऱ्याला उठता यायचं नाही. कुणी उचलायचं, कुणी पुढं निघून जायचं. एका थंडीत, बेळगावची थंडी ज्यानं काढली आहे त्याला दगडी बराकीतली ती पहाट समजेल, म्हातारा उठताना कोसळला आणि मामानं त्याला उचलून भिंतीला टेकवलं. पैलवानाला हाड बसवता येतं, शीर मोकळी करता येते. हे शिक्षण तालमीत आपोआप मिळतं. त्यानं म्हाताऱ्याचा गुडघा हातात घेतला आणि रगडायला लागला, जसा तालमीत रगडतात तसा.

म्हातारा कळवळला. “सावकाश, तम्मा! सावकाश!”

मामाला कन्नड येत नव्हतं. म्हणजे बाजारात लागतं तेवढं मोडकंतोडकं येत होतं, आमच्या घरात त्याच्यापलीकडे येऊ दिलंच नव्हतं. पण हा शब्द कळला, कारण तो आपलाच होता. दोन्ही भाषांत सावकाश म्हणजे सावकाशच. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यानं हात हलका केला. म्हातारा म्हणाला, “सावकाश.” त्यानं आणखी हलका केला. तरी “सावकाश.” मामा सांगतो, शेवटी एवढा हलका झाला की त्याला वाटलं आपण काही करतच नाही, नुसता हात ठेवलाय. तेव्हा म्हातारा म्हणाला, “हं. इल्ली.” इथं.

“आयुष्यात मला कुणी कमी जोर लाव म्हणालं नव्हतं,” मामा म्हणाला.

पुढं रोज रात्री बराक बंद झाली की तो म्हाताऱ्याचे गुडघे रगडायचा, थोडं खोबरेल मिळालं तर त्यानं, नाहीतर कोरडेच. आणि पहाटे गिनती झाली की त्याला उठवायचा. एक हात बगलेत, एक पाठीशी, सावकाश. म्हातारा पुरे झालं की ‘साकु’ म्हणायचा. त्या दोन-तीन शब्दांवर सुरुवात करून मामा कन्नड शिकला. पुढं म्हाताऱ्याला लेकीची पत्रं यायची ती वाचून दाखवायला कुणी नसायचं, म्हणून तो अक्षरंही शिकला. महिन्याला एक पत्र. पहिलं पत्र त्यानं आठ दिवस घेऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं की म्हैस व्याली, रेडकू झालं.

ज्या जेलात बाप सीमेसाठी बसला होता, त्याच जेलात लेक कन्नड वाचायला शिकला. आजोबा तोवर वारले होते, नाहीतर काय म्हणाले असते माहीत नाही. मला वाटतं, त्यांना पटलं असतं. ते नेहमी म्हणायचे, भाषा वाईट नसते, सक्ती वाईट असते. मामाला कुणी सक्ती केली नाही. एका बापाला लेकीचं पत्र ऐकायचं होतं, म्हणून ती त्याला आली.

मुलाखतीला कोण यायचं, हेही लिहायला पाहिजे. आज्जी महिन्याला. आई आणि मी सुट्टीत. ज्यांनी उभं राहायला नेलं होतं त्यांच्यातलं एकही माणूस नऊ वर्षांत आलं नाही. वकिलाचे पैसे देतो म्हणालेले होते, तेही आले नाहीत. आज्जीनं दोन्ही म्हशी विकल्या आणि नदीकाठचं अर्धा एकर रान विकलं. ज्या फलकांवर मामाचा फोटो शड्डू ठोकताना असायचा त्यांवर पुढच्याच यात्रेत दुसरा पोरगा आला. मी त्या पोराला दोष देत नाही. गावाला एक पैलवान लागतो, तो कोण हे गावाला फार महत्त्वाचं नसतं.

वस्ताद मात्र यायचे. वर्षातून एकदा, नागपंचमीच्या आसपास. आत काही नेऊ देत नाहीत म्हणून ते हात हलवत यायचे. पण निघताना तालमीतली चिमूटभर लाल माती कपाळाला लावून निघायचे, आणि बसमध्ये, रांगेत, झडतीत, कुठंही ती पुसू द्यायचे नाहीत. जाळीशी उभे राहिले की काही बोलायचे नाहीत. मामा त्या कपाळाकडे बघायचा आणि वाकून जमिनीला हात लावायचा. मुलाखत संपायची. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. वस्तादांच्या घामानं त्या मातीचा एक ओघळ भुवईपर्यंत आला होता आणि ते तो पुसत नव्हते.

त्यांनी फक्त एकदा एक प्रश्न विचारला, अगदी पहिल्या वर्षी. “त्याला उठवलास का?”

बाहेरच्याला हा प्रश्न कळणार नाही. आमच्या तालमीची रीत अशी की जो चितपट करतो त्यानंच खाली पडलेल्याला आधी हात द्यायचा, उठवायचा, त्याच्या पाठीची माती झाडायची. मगच हात वर करून मैदानाला फेरी मारायची. न उठवता फेरी मारली तर वस्ताद सगळ्यांदेखत कानाखाली द्यायचे.

मामानं त्या माणसाला उठवलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला होता आणि मग लोकांनी त्याला ओढून जीपमध्ये घातलं होतं. “टाकलं ते हातानं टाकलं,” तो म्हणतो. “पण उठवलं न्हाई, ते मी.” नऊ वर्षं तो ज्याचा विचार करत राहिला ते हेच. दगडाचा नाही, डावाचाही नाही.

आज्जी 2008 च्या पावसाळ्यात गेली. त्याआधी दोनदा पॅरोलचा अर्ज केला होता, तंटा त्याच गावातला म्हणून तो नाकारला गेला. या वेळी मंजूर झाला, पण कागद हलेपर्यंत दहावा उजाडला. मामा आला तो थेट नदीवर. घरी आल्यावर ओसरीवरच बसून राहिला. आत त्याचा तो मोठा पितळी तांब्या होता, ज्यातून आज्जी त्याला दूध द्यायची, दोन लिटरचा. आज्जी शेवटची सहा वर्षं त्यातून तुळशीला पाणी घालत होती. त्यानं तो उचलला, वजन केल्यासारखा हातात धरला आणि पुन्हा तुळशीपाशी ठेवला.

त्याच वर्षी जुलैत धारवाडला उच्च न्यायालयाचं पीठ सुरू झालं होतं. बेंगळुरूत पडून असलेलं अपील तिकडे आलं आणि 2010 मध्ये निकाल लागला. 302 चं 304 भाग दोन झालं, जन्मठेपेची दहा वर्षं झाली. वकिलांनी आम्हाला अर्थ समजावून सांगितला. मारण्याचा हेतू नव्हता, पण अशा कृतीनं जीव जाऊ शकतो याची जाणीव होती. घरात पेढे आणायचं चाललं होतं. मी मुलाखतीला जाऊन मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

“जाणीव होती,” तो म्हणाला. “कोर्टानं बरोबर वळखलं. मान म्हणजे काय, ती कुठं मोडती, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठावं होतं?”

मी पेढे आणू दिले नाहीत.

कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेत धरले गेले, चांगल्या वागणुकीची सूट मिळाली आणि 2011 च्या अखेरीस तो सुटला. म्हातारा त्याच्या दोन वर्षं आधी जेलच्या दवाखान्यातच वारला होता. मामानं सुटल्यावर पहिलं काम केलं ते गोकाकला जाऊन त्याच्या लेकीला भेटण्याचं. तिला त्यानं काय सांगितलं ते मला सांगितलेलं नाही.

2021 च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, टीव्हीवर सुशील कुमारच्या अटकेची बातमी दिवसभर चालली होती. बीजिंगला 2008 मध्ये कांस्य, लंडनला 2012 मध्ये रौप्य, खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीनंतर कुस्तीचं पदक पुन्हा देशात आणणारा माणूस, आणि तोंडावर टॉवेल गुंडाळून पोलिसांच्या मध्ये चाललेला. एका तरुण पैलवानाच्या खुनाचा आरोप. खटला न्यायालयात आहे, मी त्यावर बोलणार नाही. ज्या आईबापांचा पोरगा गेला त्यांचं दुःख कुठल्याही पदकापेक्षा मोठं आहे, एवढंच म्हणतो. पण त्या दिवसांत मोबाइलवर लोक ज्या तऱ्हेनं हसत होते, खुराकासाठी त्यानं केलेला अर्ज कोर्टानं फेटाळला तेव्हा ज्या कोट्या चालल्या, त्या वाचून मला मामाचं ते पहिलं वर्ष आठवत राहिलं. चढवणारी माणसं तीच असतात.

मामानं बातमी पाहिली आणि विचारलं, “त्याच्या बराकीत किती माणसं असतील?” पुढच्या वर्षी बातमी आली की तो तिहारमध्ये कैद्यांना कुस्ती आणि व्यायाम शिकवतोय. मी वाचून दाखवली. मामा म्हशीची धार काढत होता. धार थांबवून म्हणाला, “शिकवूलाय व्हय? बरं. पण आधी कुणाचं तरी अंग रगडू दे त्याला.”

आता मामा पन्नाशीत आहे. यात्रेच्या कमिट्या जुन्या पैलवानांचा सत्कार करतात, फेटा बांधतात, त्यालाही दरवर्षी विचारतात. तो जात नाही. पहाटे पाचला तालमीत जातो, पोरं यायच्या आधी हौद उकरून ठेवतो आणि दिवाबत्ती करतो. वस्ताद आता नाहीत. पोरांना डाव शिकवायला दुसरे आहेत, त्यात मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, त्यांना मॅटवरची नवी कुस्ती नीट कळते. मामाकडे एकच खातं आहे. कुस्ती सुटली की तो कोपऱ्यातून बघतो. जिंकलेल्यानं खालच्याला उठवलं का, पाठ झाडली का. एखादा पोरगा तसाच उड्या मारत सुटला तर मामा हाक मारतो. ओरडत नाही. त्याला परत हौदात आणतो आणि सांगतो, उठव.

त्या माणसाचं घर आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत आहे. गाव लहान, भेट टळत नाही. दोन्ही घरांचं बोलणं नाही आणि ते व्हावं असं मी कधी म्हटलं नाही, म्हणायचा मला अधिकार नाही. मामानं माफी मागायला माणसं घालून बघितली होती, सुटल्यावर पहिल्या वर्षी. त्या माउलीनं निरोप पाठवला की नको. तिनं बरोबर केलं. तेव्हापासून ती रस्त्यात दिसली की मामा कडेला होऊन खाली बघत उभा राहतो, ती जाईपर्यंत.

मुलगा आता मोठा झाला आहे, उद्यमबागला कारखान्यात जातो. पहाटे ड्युटीला जायच्या आधी तोच दूध घालायला डेअरीवर येतो. मी गेल्या दिवाळीला गेलो होतो तेव्हा मामाबरोबर किटली घेऊन डेअरीवर गेलो. रांग होती सात-आठ जणांची, मामा तिसरा. धुकं होतं. तो पोरगा आला आणि शेवटी उभा राहिला. मामानं त्याला पाहिलं. किटली उचलली, रांगेतून बाहेर आला आणि त्याच्या मागं जाऊन उभा राहिला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. रांगेतलं कुणी मागं वळून बघितलं नाही, म्हणजे हे रोजचंच असावं. पोरगा पुढं सरकला की मामा सरकायचा. दूध मोजून झालं, फॅट लागलं, त्यानं कार्ड खिशात घातलं आणि सायकलला किटली अडकवून तो निघाला.

मग मामानं आपली किटली पुढं केली.